रेडिएटरचा पंखा पट्ट्यावरचा ठेवावा की इलेक्ट्रिक बसवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी जीप, मेजर, बोलेरो, सुमो, अँबेसिडर, पद्मिनी यांपैकी काहीतरी दारात असलेल्यांसाठी हे पान आहे. या गाड्यांचं इंजिन बोनेटखाली लांबीला बसवलेलं असतं आणि पंखा इंजिनच फिरवतं. उन्हाळा लागला की तापमानाचा काटा वर चढायला लागतो आणि कोणीतरी सल्ला देतो, "तो पंखा काढ, इलेक्ट्रिक टाक." सल्ला कधी बरोबर असतो, कधी निव्वळ खर्चात पाडणारा.

दोन्ही पंख्यांत फरक काय?

मेकॅनिकल पंखा बहुतेक गाड्यांत वॉटर पंपाच्या पुलीवर बसतो आणि फॅन बेल्टवर फिरतो. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं चालू, तर पंखाही सुस्त. इलेक्ट्रिक पंख्याला 12 व्होल्टची स्वतःची मोटर असते. पाणी ठराविक तापलं की तो लागतो, गार झालं की बंद होतो. इंजिन 750 आरपीएमवर आहे की 3,000 वर, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पुढची बहुतेक उत्तरं या एका फरकातून निघतात.

माझी गाडी गरम होते. इलेक्ट्रिक पंखा टाकला की प्रश्न सुटेल?

आधी एक सांगा: गरम होते ती कधी?

सिग्नलला, टोलच्या रांगेत, लग्नाच्या वरातीमागे अडकल्यावर काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की खाली येतो, असं असेल तर हवा कमी पडते आहे. पंख्याचा विचार करायला हरकत नाही. पण 80 च्या वेगाने हायवेला जाताना काटा चढत असेल तर पंख्याचा त्यात जवळजवळ काही दोष नाही. ताशी 50-60 किलोमीटरच्या पुढे समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो, पंखा नावालाच असतो. तिथे कोणताही पंखा लावा, काटा जागचा हलणार नाही.

हायवेला तापणाऱ्या गाडीत दोष बहुधा रेडिएटरच्या आत असतो. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की नळ्यांत क्षार धरतो आणि अर्ध्या नळ्या बुजतात. रेडिएटर उतरवून तो उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घ्या, नाहीतर नवा कोअर टाका. बाहेरून जाळीत चिखल, किडे, गवताचं बी अडकलेलं असतं. ते इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूला हलक्या दाबाच्या पाण्याने काढा. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा थेट मारला तर फिन्स, म्हणजे जाळीतल्या पातळ पट्ट्या, आडव्या पडतात आणि वाट आणखी बंद होते. खालचा होज पाइपही बघा. जुना, मऊ पडलेला पाइप इंजिन रेज केल्यावर आत ओढला जाऊन चपटा होतो.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. 0.9 बारचं झाकण धड असेल तर साधं पाणीसुद्धा साधारण 119 अंशांपर्यंत उकळत नाही. रबर चिरलेलं असेल तर ते शंभरलाच उकळणार. महाबळेश्वरला, म्हणजे साधारण 1,350 मीटर उंचीवर, 95-96 अंशांनाच. पंख्याला हात लावण्याआधी झाकण बदला, ते सगळ्यात स्वस्तात पडतं.

घाटात कोणता पंखा चांगला?

घाटात इलेक्ट्रिकच चांगला असा समज आहे. भरलेल्या जीपच्या बाबतीत तो खरा नाही.

आंबोली किंवा वरंध चढताना गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असते. वेग ताशी 20, पण इंजिन 2,500 वर. समोरचा वारा नाही, उष्णता मात्र भरपूर. नेमक्या अशा वेळी पट्ट्यावरचा पंखा आयडलच्या तिपटीहून जोरात फिरतो, आणि वेगाच्या प्रमाणात हवाही तिपटीहून जास्त ओढतो. बाजारातल्या सर्वसाधारण इलेक्ट्रिक पंख्याला तेवढी हवा झेपत नाही, कारण त्याचा कमाल वेग ठरलेला असतो.

उलट दादरला, लक्ष्मी रोडला, गणपतीच्या दिवसांत गाडी तासभर आयडलवर असते तेव्हा पट्ट्यावरचा पंखा 700-800 आरपीएमवर नुसता वारा घालत बसतो, आणि इलेक्ट्रिक पूर्ण ताकदीने चालतो. थोडक्यात, ओझं घेऊन घाट चढणाऱ्या डिझेल गाडीला पट्ट्यावरचा पंखा, आणि शहराच्या गर्दीत फिरणाऱ्या पेट्रोल गाडीला इलेक्ट्रिक, हे माझं मत. दोन्ही करत असाल तर ओरिजिनल पंखा, त्याचा क्लच आणि कव्हर (दोन्हींबद्दल पुढे) धड करून घ्या. बहुतेकांचं काम तेवढ्यात होतं.

मग मारुती 800 पासून सगळ्या छोट्या गाड्यांना इलेक्ट्रिक पंखा कसा?

कारण इंजिन आडवं बसलं. 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 चं इंजिन आडवं होतं, त्याची पुली गाडीच्या बाजूला तोंड करते आणि रेडिएटर मात्र पुढेच राहतो. पट्ट्याने पंखा फिरवायचा तर दिशा काटकोनात वळवावी लागेल, त्यापेक्षा मोटर सोपी. इंग्लंडच्या मूळ मिनीने 1959 मध्ये दुसरी वाट काढली होती: रेडिएटरच बाजूला, चाकाच्या खोबणीकडे तोंड करून बसवला आणि पंखा इंजिनवर ठेवला. ती पद्धत फारशी पसरली नाही. तेव्हा आजकालच्या हॅचबॅकमध्ये निवडीचा प्रश्नच येत नाही. असलेला इलेक्ट्रिक पंखा, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि सेन्सर नीट ठेवायचे एवढंच.

आणि ट्रकना अजून पट्ट्यावरचाच?

ट्रकना तेवढी वीज कुठून आणणार? मोठ्या ट्रकचा पंखा पूर्ण लागला की दहा-वीस किलोवॉट खातो. 24 व्होल्टवर 15 किलोवॉट म्हणजे 600 अँपिअरच्या वर.

व्हिस्कस फॅन म्हणजे काय? तो बिघडला हे कसं ओळखायचं?

जुन्या जीपचा पंखा पुलीला थेट बोल्टने आवळलेला असतो, तो कायम फिरतो. बोलेरो, सुमो, डिझेल इनोव्हा यांत पंखा आणि पुलीच्या मधे एक चकतीसारखा क्लच असतो आणि त्यात सिलिकॉन तेल असतं. क्लचच्या तोंडावर दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती पट्टी वळते, आतली झडप उघडते, तेल खाचांत शिरतं आणि पंखा पुलीबरोबर जवळजवळ पूर्ण वेगाने ओढला जातो. हवा गार झाली की तेल परत कप्प्यात जातं आणि पंखा सैल पडतो. ना वायर, ना फ्युज. मला ही रचना फार आवडते, आणि लोक ती काढून भंगारात देतात याचं वाईट वाटतं.

सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर मिनिटभर पंख्याचा घरघराट येतो आणि मग शांत होतो, ते नॉर्मल आहे; रात्रभर खाचांत उतरलेलं तेल परत जायला तेवढा वेळ लागतो.

तपासायचं असं: इंजिन बंद, किल्ली खिशात. गार असताना पंख्याला हाताने झटका द्या. थोडा अडखळत एखाददुसरा फेरा मारून थांबला तर ठीक. पाचसहा फेरे भिरभिरत गेला तर तेल संपलं. मग गाडी चांगली तापवून बंद करा आणि पुन्हा फिरवा. आता हाताला स्पष्ट जड लागला पाहिजे. गरम इंजिनावरही तेवढाच हलका असेल तर क्लच गेला. क्लचच्या मधोमधून बाहेरच्या कडेकडे धूळ धरलेला तेलकट ओघळ दिसत असेल तर पुढची परीक्षा घ्यायचीही गरज नाही. पंख्याचं पातं पुढे-मागे हलवून बघा. बऱ्यापैकी खेळ असेल तर क्लचचं किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग संपलंय. उलटी तऱ्हाही होते: क्लच जाम होतो, पंखा कायम गरजत राहतो, गाडी ओढायला जड लागते आणि डिझेल जास्त पिते.

इलेक्ट्रिक टाकल्यावर ताकद आणि मायलेज वाढतं म्हणतात. खरं का?

थोडं खरं, बरंच फुगवलेलं. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट, ताकद आठपट. म्हणून थेट आवळलेला पंखा हायवेला उगाच ताकद खात असतो, तीही वाऱ्यामुळे त्याची गरजच नसताना. तो काढला की चढाला इंजिन मोकळं झाल्यासारखं वाटतं, आवाज तर नक्कीच कमी होतो.

पण इलेक्ट्रिक पंखा फुकटात चालत नाही. 20 अँपिअर घेणारा पंखा म्हणजे साधारण 270 वॉट. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग, त्यातला तोटा धरला तर इंजिनावर अर्ध्या अश्वशक्तीहून थोडा जास्त भार. फायदा एवढाच की तो गरजेपुरता चालतो. गाडीला चालू स्थितीतला व्हिस्कस क्लच असेल तर तोही गरजेपुरताच लागतो, मग बदलून हाती फारसं लागत नाही. मायलेजच्या आशेने हा खर्च करू नका.

माझा अल्टरनेटर पुरेल का?

जुन्या जीपला अजून डायनॅमो असेल तर विषय इथेच थांबवा, आधी अल्टरनेटर बसवा. डायनॅमो आयडलला जवळजवळ काही देत नाही, आणि पंखा लागणार तो आयडललाच.

अल्टरनेटर असेल तर बेरीज करा. साध्या 60/55 वॉटच्या हेडलाइटच्या जोडीला सुमारे 9-10 अँपिअर, हीटर-ब्लोअरला 8-10, वायपर, टेललाइट, इग्निशन किंवा फ्युएल पंप धरून आणखी 8-10, त्यावर पंख्याचे 20. पावसाळ्यातल्या रात्री घाटात हे सगळं एकदम चालू असतं. 35-40 अँपिअरचा अल्टरनेटर तिथे हात टेकतो, आणि अल्टरनेटरवर छापलेला आकडा आयडलला मिळतच नाही. त्या वेळी कमी पडलेली वीज बॅटरी भरते. साधी परीक्षा: सगळं चालू करून आयडलला बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. 13 व्होल्टच्या खाली घसरत राहिला तर मोठा अल्टरनेटर घ्या.

किती मोठा पंखा घ्यावा? खोक्यावर भलेमोठे सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) लिहिलेले असतात.

ते आकडे मोकळ्या हवेतले. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरची जाळी समोर आली की निम्मा दमही राहत नाही. मोटर किती अँपिअर ओढते ते विचारा. 7 अँपिअरचा पंखा 20 अँपिअरच्या पंख्याएवढी हवा ओढूच शकत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. दुकानदाराला अँपिअर सांगता येत नसतील तर दुसरं दुकान बघा. जुन्या बाजारात मोठ्या गाडीचा कव्हरसकट जोडपंखा मिळाला आणि रेडिएटरच्या मापात बसला, तर नव्या स्वस्त पंख्यापेक्षा तो बरा. विकत घेण्याआधी बॅटरीवर लावून बघा, बेअरिंगचा खरखर आवाज आला तर सोडून द्या.

पंखा रेडिएटरच्या पुढे बसवायचा की मागे?

जागा असेल तर मागे, इंजिनाच्या बाजूला, हवा ओढणारा. पुढे बसवलेला पंखा हायवेला स्वतःच वाऱ्याच्या आड येतो आणि पहिला चिखल त्याच्यावर.

पण जागेपेक्षा महत्त्वाचं आहे ते कव्हर, ज्याला गॅरेजमध्ये श्राउड किंवा काउल म्हणतात. कव्हर नसेल तर पंखा फक्त स्वतःच्या गोलापुरतीच हवा ओढतो, कोपरे तसेच राहतात. शिवाय इंजिनाकडची तापलेली हवा पात्यांच्या कडेने वळून पुन्हा पुढे येते. कित्येक जुन्या गाड्यांचं कव्हर पंप बदलताना काढलेलं असतं आणि "नसलं तरी चालतं" म्हणून परत लावलेलं नसतं. पट्ट्यावरचा पंखा असेल तर त्याची पाती साधारण अर्धी कव्हरच्या आत आणि अर्धी बाहेर असावीत. हरवलेलं कव्हर पत्र्याचं बनवून घेतलं तरी काटा उतरलेला दिसतो. माझ्या मते पंखा बदलण्याआधी करायचं काम हेच.

फिन्समधून आरपार प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालून पंखा थेट जाळीवर बांधायची पद्धत आहे. ती टाळा. गाडी हादरते तशी पट्टी नळीला घासते आणि वर्ष-दोन वर्षांत तिथून पाणी ठिबकायला लागतं. अँगल वापरून रेडिएटरच्या चौकटीला बांधा.

वायरिंग कसं करावं?

इलेक्ट्रिक पंखा फसतो तो बहुतेक वेळा इथे. मोटर चांगली असते, पण वायर दिव्याची वापरलेली असते.

रिले वापरायचाच, 40 अँपिअरचा. डॅशबोर्डवरच्या बटनातून थेट पंख्याचा करंट नेलात तर बटन वितळतं. रिलेच्या पायांवर आकडे असतात: 30 ला बॅटरीचा पॉझिटिव्ह, मधे 30 अँपिअरचा फ्युज, आणि तो फ्युज बॅटरीपासून वीतभर अंतरातच, 87 वरून पंख्याला, 86 ला इग्निशन, 85 थर्मो स्विचमधून (पाणी तापलं की आपोआप लागणारा स्विच) बॉडीला. पंखा सुरू होताना क्षणभर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट करंट ओढतो, म्हणून फ्युज अगदी काठावरचा घेऊ नका.

वायर तांब्याची, 4 स्क्वेअर एमएम. जाऊन-येऊन चार मीटर लांबीवर 20 अँपिअर नेताना तिच्यात साधारण 0.36 व्होल्ट पडतात, 1.5 ची वायर असेल तर एक व्होल्टच्या आसपास. तो एक व्होल्ट वायर तापवण्यात जातो आणि पंखा मंद फिरतो. अर्थिंगची वायरही तेवढीच जाड, रंग खरवडून, बोल्टने आवळलेली. रिले अशा जागी आणि असा लावा की पाय खाली राहतील, म्हणजे पावसाचं पाणी आत साचणार नाही.

सोबत एक हाताने चालू करायचं बटन नक्की द्या. थर्मो स्विच दगा देतो तेव्हा घाटात तेच कामाला येतं. स्विचला समांतर, म्हणजे 85 वरून बॉडीला, साधं बटन टाकलं की झालं.

थर्मो स्विच किती अंशांचा घ्यायचा?

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, 82 चा असेल तर 92 ला लागणारा आणि 87 च्या आसपास बंद होणारा. थर्मोस्टॅटच्या खालचा घेतलात तर पंखा कधी बंदच होणार नाही. स्विच रेडिएटरच्या टाकीत आटे पाडून किंवा वरच्या होजच्या जोडात बसवा. होजमध्ये नुसता खुपसायचा काटेरी सेन्सर मिळतो, तो गळतो.

मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅटच काढून टाकू.

नको. इंजिन गार राहतं हे खरं, पण मग ते कामाच्या तापमानाला यायला फार वेळ लावतं, तेल घट्ट राहतं, पेट्रोल-डिझेल जास्त जातं. शिवाय खरा दोष झाकला जातो. थर्मोस्टॅट पातेल्यात उकळून बघा: उघडला तर परत लावा, नाही उघडला तर नवा आणा.

एसी असेल तर?

कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो आणि स्वतःची उष्णता त्याच्यावर सोडतो. म्हणून एसीचा कॉम्प्रेसर लागला की इलेक्ट्रिक पंखाही लागला पाहिजे, पाणी तापायची वाट न बघता. त्यासाठी कॉम्प्रेसरच्या वायरवरून दुसरा रिले घ्यावा. सिग्नलला एसी कोमट हवा देतो आणि गाडी निघाली की गार, असं व्हायला लागलं तर पंख्याकडे बघा. काटा चढायच्या आधी मिळणारी ही पहिली खूण.

पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढताना कोणता बरा?

इथे इलेक्ट्रिक सरळ जिंकतो, कारण तो बंद करता येतो. पट्ट्यावरचा पंखा पाण्यात गेला की पाती पुढे वाकतात आणि रेडिएटरला गोल खरवडतात. शिवाय पाणी उडून डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागावर) जातं. जुने जीपवाले खोल पाण्यात उतरण्याआधी पट्टाच उतरवून ठेवतात. तेवढ्या वेळापुरतं ते चालतं, पण पट्ट्याबरोबर वॉटर पंपही थांबतो, तेव्हा पलीकडे गेल्यावर लगेच चढवायचा. इलेक्ट्रिक मोटरही चिखलाने खराब होते, म्हणून ट्रेलला जाऊन आलात की साध्या पाण्याने धुऊन थोडा वेळ चालवा.

दोन्ही ठेवले तर?

जागा असेल तर उत्तम. मागे ओरिजिनल व्हिस्कस, पुढे कंडेन्सरवर छोटा इलेक्ट्रिक, फक्त एसी आणि गर्दीसाठी. दोघांची हवा एकाच दिशेला, मागे, जाते आहे ना ते बघा.

मेकॅनिकल पंखा काढताना काय जपायचं?

थेट आवळलेला पंखा काढला की त्याचेच लांब बोल्ट पुन्हा वापरू नका. पुढे पंख्याची जाडी नसल्याने ते आत जाऊन पंपाच्या अंगाला टेकतात. आखूड बोल्ट घ्या. व्हिस्कस क्लचच्या मोठ्या नटला काही गाड्यांत उलटे आटे असतात, जोर लावण्याआधी दिशा विचारून घ्या. पट्टा मात्र राहणार, कारण पंप आणि अल्टरनेटर त्याच्यावरच आहेत. काढलेला पंखा, क्लच, कव्हर, बोल्ट एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. पातं मुळाशी चिरलेलं असेल तरच टाकून द्या. तसं पातं चालत्या इंजिनावर तुटलं तर बोनेटला भोक पाडतं.

गाडी बंद केली तरी पंखा फिरतो. बॅटरी उतरेल का?

काही गाड्यांत मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं आणि हेडमधली उष्णता काही मिनिटं वर येत राहते. दोन-तीन मिनिटांत थांबत असेल तर बिनधास्त राहा. दहा मिनिटं झाली तरी चालूच असेल तर रिले चिकटलाय किंवा स्विच चुकीच्या अंशाचा आहे. अशा गाडीत किल्ली काढलेली असली तरी पंख्याजवळ हात घालू नका, तो कधीही लागू शकतो. पट्ट्यावरच्या पंख्याचं भय वेगळं: चालू इंजिनाजवळ ओढणी, मफलर, सैल बाही नको.

बसवून झाल्यावर तपासायचं कसं?

पंखा चालू करून ग्रिलसमोर वर्तमानपत्राचं पान धरा. ते जाळीला चिकटलं पाहिजे. उडून तुमच्या अंगावर आलं तर मोटरच्या वायरी उलट्या जोडल्यात, त्या अदलाबदल करा. पंखा उलटा फिरत असूनही महिनोन्‌महिने "इलेक्ट्रिकने काही फरक पडला नाही" म्हणणारे लोक आहेत.

मग सावलीत गाडी आयडलवर ठेवा, एसी बंद, आणि काट्यावर नजर. पंखा आपणहून लागला पाहिजे, काटा थोडा उतरला पाहिजे, आणि पंखा आपणहून बंद झाला पाहिजे. हे चक्र चारपाच वेळा झालं की रिले आणि फ्युजच्या सॉकेटला उलट्या हाताने स्पर्श करा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तो जोड सैल आहे, पुन्हा क्रिंप करून घ्या. तोवर घाटाकडे जाऊ नका.